मांडुका: तंबाखूच्या मळ्यातून प्रयोगशाळेत

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया आणि मेरिलंडमध्ये तंबाखूचे मळे वाढले, तसा तिथल्या शेतकऱ्यांचा एका हिरव्यागार, बोटाएवढ्या जाड अळीशी सामना सुरू झाला. तिच्या शेपटाकडे एक शिंग असते. ही मांडुका नावाच्या पतंगाची अळी. अळ्या वेचायचे काम गुलामगिरीत जखडलेल्या माणसांच्या आणि त्यांच्या लहान मुलांच्या माथी असे. एकेक पान उलटून बघायचे, अळी काढून चिरडायची. एखादी नजरेतून सुटली तर शिक्षा. पतंगाचा इतिहास सांगताना ही माणसे बहुधा राहूनच जातात, म्हणून आधी त्यांच्याविषयी.

सजीवांचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने १७६३ मध्ये या जातीला ‘सेक्स्टा’ नाव दिले. लॅटिनमध्ये ‘सेक्स’ म्हणजे सहा. पतंगाच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा पिवळे ठिपके असतात. पुढे १८०७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गच्या कीटकशास्त्रज्ञ याकोब ह्यूबनरने ‘मांडुका’ ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, मांडली. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खादाड, आणि अळीला तो चपखल बसतो. मधली कित्येक दशके ‘प्रोटोपार्स’ हे नाव प्रचलित होते, त्यामुळे जुने लेख शोधताना दोन्ही नावे बघावी लागतात. आज या प्रजातीत साठहून अधिक जाती मानतात आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांतल्या. तंबाखू आणि टोमॅटो तिकडून आपल्याकडे आले, मांडुका मात्र तिथेच राहिला. आपल्या तिळावर दिसणारी शिंगवाली अळी त्याच कुळातली, पण प्रजाती वेगळी.

तंबाखूतले निकोटिन इतर किड्यांना मारते. ही अळी ते झपाट्याने शरीराबाहेर टाकते. १९६० च्या दशकात तिला कृत्रिम खाद्यावर वाढवता येऊ लागले आणि शेतकऱ्यांचा शत्रू प्रयोगशाळेत बारमाही मिळू लागला. तीन आठवड्यांच्या आत तिचे वजन सुमारे दहा हजार पटींनी वाढते. एवढ्या मोठ्या शरीरातून ग्रंथी काढणे, रक्त घेणे सोपे जाते. जेम्स ट्रुमन आणि लिन रिडिफोर्ड या कीटकशास्त्रज्ञांनी कात टाकणे आणि कोषात जाणे घडवणाऱ्या संप्रेरकांचा माग याच अळीत काढला. २०१६ मध्ये तिचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडाही प्रसिद्ध झाला.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते अमेरिकेतल्या युटाच्या वाळवंटातले काम. तिथल्या रानटी तंबाखूची फुले संध्याकाळी उमलतात. मांडुका परागीभवन करतो आणि त्याच झाडावर अंडीही घालतो. अळ्यांनी पाने कुरतडायला सुरुवात केली, की झाड काही फुले पहाटे उमलवू लागते. ती फुले हमिंगबर्ड या मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यासाठी असतात, आणि हमिंगबर्ड अंडी घालून जात नाही. २०१० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.