हरवलेल्या थोरियमवरून समुद्रातल्या कार्बनचा हिशोब

समुद्रात वर उन्हात प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) कार्बन डायऑक्साइड खातात, मग मरतात किंवा कुणाच्या तरी पोटात जातात, आणि त्यांची मढी, विष्ठा असला सगळा कचरा हळूहळू खाली बसतो. म्हणजे हवेतला कार्बन थेट खोल समुद्रात. पण किती? सापळे लावून कचरा पकडता येतो खरा, पण प्रवाहात तो आडवाच वाहून जातो आणि जिवंत किडे पोहत आत शिरतात ते वेगळंच, त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर भरवसा ठेवणं अवघड.

इथे युरेनियम कामाला येतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३.३ मायक्रोग्रॅम युरेनियम विरघळलेलं असतं, बुडायचं नाव घेत नाही, आणि खारटपणाच्या प्रमाणात कमीजास्त होतं म्हणून खुल्या समुद्रात सॅलिनिटी मोजली की तेही कळतं. युरेनियम-२३८ पासून थोरियम-२३४ तयार होतं, अर्धायुष्य (निम्मे अणू फुटून जायला लागणारा वेळ) फक्त २४.१ दिवस. याचा स्वभाव एकदम उलटा, कण दिसला की चिकटला, आणि कण बुडाला की तोही सोबत खाली.

काहीच बुडत नसतं तर दोघांची ॲक्टिव्हिटी, म्हणजे मिनिटाला किती अणू फुटतात तो आकडा, सारखी भरली असती. पण वरच्या शंभरेक मीटरमध्ये थोरियम बऱ्याचदा कमी भरतं. पगार ठरलेला आणि तरी खात्यात शिल्लक कमी, म्हणजे कुठेतरी खर्च होतोय ना, तसंच. समजा निम्मंच उरलंय आणि परिस्थिती फारशी बदलत नाहीये, तर कणांबरोबर खाली जायला थोरियमला सरासरी ३५ दिवस लागतात असा हिशोब निघतो.

यावरचा एक सुरुवातीचा पेपर १९६९ चा, आणि तो आपल्या मुंबईतल्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) मंडळींचा. भट, कृष्णस्वामी, देवेंद्र लाल, रामा, आणि सोबत विलार्ड मूर. आपल्याकडे हे फारसं कुणी सांगत नाही, का कोण जाणे.

मोजायचं म्हणजे खेळ नाही हां. लिटरभर पाण्यात थोरियम-२३४ चे जेमतेम सव्वा लाख अणू, मिनिटाला अडीचेक फुटणार. हल्ली चारेक लिटर पाण्यात मँगनीज डायऑक्साइडचा साका पाडतात, थोरियम त्यावर बसतं, मग गाळून बीटा काउंटरमध्ये, म्हणजे अणू फुटताना निघणारे बीटा कण मोजणाऱ्या यंत्रात. आणि काही महिन्यांनी थोरियम संपलं की तोच फिल्टर परत मोजायचा, कारण थोरियमची नसलेली, मागे उरलेली किरणं वजा करावी लागतात.

अरबी समुद्रात १९९५ मध्ये असं मोजलं तेव्हा नैऋत्य मान्सूनच्या शेवटाकडे कार्बन सगळ्यात जास्त खाली जाताना दिसला. जोरदार वाऱ्याने ओमानच्या बाजूला खालचं खतयुक्त पाणी वर येतं, डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं माजतात, आणि मग बुडतात.

गोची एकच, पण मोठी. थोरियमवरून कार्बन काढायचा तर कणांमध्ये दोघांचं गुणोत्तर किती ते लागतं, आणि ते कणाच्या आकारानुसार, खोलीनुसार, ऋतूनुसार बदलतं. म्हणून काही जण जोडीला पोलोनियम-२१० (असंच कणांना चिकटणारं दुसरं किरणोत्सारी द्रव्य) पण मोजतात, त्याचं अर्धायुष्य १३८ दिवस, त्यामुळे महिन्याऐवजी काही महिन्यांचा हिशोब मिळतो.