पायांतील नीलांची जुनाट अकार्यक्षमता

पायांतले रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या नीलांच्या झडपा निकामी झाल्या, किंवा खोल नीला गुठळीने अडली, की पायात रक्ताचा दाब तुंबून राहतो. स्तब्ध उभ्या असलेल्या कोणाच्याही घोट्यापाशी नीलांतला हा दाब सुमारे ८० ते ९० मिमी पारा असतो. चालताना पोटरी आवळते, रक्त वर जाते आणि निरोगी पायात तो ३०च्या खाली येतो. झडपा गळक्या असतील तर चालूनही तो फारसा उतरत नाही. पुढचे सारे यातूनच घडते: संध्याकाळची सूज, जडपणा, घोट्यावर तपकिरी डाग, टणक कातडी आणि शेवटी आतल्या घोट्याजवळ न भरणारी जखम. डाग कातडीत झिरपलेल्या तांबड्या पेशींतल्या लोहाचे असतात. मूळ कारण तुंबलेला दाब असल्याने केवळ मलम लावून ही जखम सहसा भरत नाही.

गुठळी हे खोल नीला बिघडण्याचे मोठे कारण. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला तर त्याच दिवशी नीलांतला रक्तप्रवाह दाखवणारी डॉपलर सोनोग्राफी करावी. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. अशा पायाला मालीश मुळीच करू नये.

खानदेशात तासन्‌तास उभे राहण्याची कामे पुष्कळ आहेत: जिनिंगमधली, हॉटेलच्या भट्टीपुढची, दुकानातली. त्यात उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उष्णतेने नीला सैलावून सूज वाढते, आणि पाय आवळून धरणारे दाबमोजे नेमके तेव्हाच असह्य होतात. तरीही उपचाराचा कणा तेच आहेत. सकाळी अंथरुणातच, सूज चढण्याआधी ते घालावेत. जखम असल्यास थरांची दाबपट्टी बांधतात. त्याआधी धमन्यांचा रक्तपुरवठा तपासलाच पाहिजे, मधुमेह्यांत विशेषतः. तो अपुरा असताना पाय आवळला तर बोटे गमावण्याची वेळ येते.

सातपुड्यातल्या भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यातही घोट्यांवर व्रण होतात आणि गुठळीचा धोका वाढतो. म्हणून धडगाव-अक्कलकुव्याकडच्या तरुण रुग्णाच्या घोट्यावर जखम दिसली तर सिकलसेलची रक्ततपासणी टाळू नये. पाय हत्तीपायानेही सुजतो, पण त्यात सूज पावलावर, बोटांवरही चढते. नीलांच्या विकारात पाऊल बहुधा सुजेतून वाचते.

लेसरने किंवा शस्त्रक्रियेने वरवरच्या फुगलेल्या शिरा बंद करता येतात. खोल नीलांच्या झडपा दुरुस्त करणे मात्र अवघड असून मोजक्याच ठिकाणी होते. त्या रुग्णांना दाबमोजे, चालणे आणि रात्री पायथ्याशी उंच केलेली खाट यांवरच वर्षानुवर्षे भिस्त ठेवावी लागते.