‘पार्ट यायचाय’ : कॉम्प्युटर कंपन्यांच्या सर्व्हिसमागचा इतिहास

कोल्हापुरात वॉरंटीतला लॅपटॉप बिघडला की पुढचं सगळं बहुतेकांना पाठ असतं. टोल-फ्री नंबर, मग ‘हिंदी के लिए दो दबाएं’, मग ‘सर, एक बार रीस्टार्ट कर लीजिए’, मग केस नंबर. चार दिवसांनी पुन्हा फोन केला की पलीकडे नवा माणूस आणि कहाणी परत पहिल्यापासून. राग निघतो तो फोनवरच्या पोरावर. त्याच्यासमोर स्क्रीनवर प्रश्नांची यादी असते आणि ती सोडून बोलायची त्याला मुभा नसते. पार्ट मंजूर करणारा वेगळा, पाठवणारा वेगळा, बसवणारा तिसऱ्याच एजन्सीचा. विकणारा आणि दुरुस्त करणारा यांची ही फारकत एका दिवसात झालेली नाही.

सुरुवात तर उलटी होती. आयबीएम ही अमेरिकी संगणक कंपनी आपली मोठी यंत्रं भाड्याने द्यायची आणि देखभाल त्या भाड्यातच असायची, त्यामुळे बंद पडलेलं यंत्र ही कंपनीचीच डोकेदुखी होती. पण दुरुस्तीवर मक्तेदारीही तिचीच. १९५६ साली अमेरिकेतल्या खटल्यात झालेल्या तडजोडीने आयबीएमला यंत्रं विकावी लागली आणि बाहेरच्या मेकॅनिकांनाही सुटे भाग द्यावे लागले. भारतात १९७३च्या फेरा या परकीय चलनाच्या कायद्यातल्या भागभांडवलाच्या अटी मान्य नसल्याने ही कंपनी १९७८ साली निघून गेली. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली.

१९८१चा आयबीएम पीसी आला तेव्हा त्याच्या टेक्निकल मॅन्युअलमध्ये सर्किटचे नकाशे आणि बायोसची, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, अख्खी लिस्टिंग छापलेली होती. आज हे खरं वाटणार नाही. त्या मोकळेपणातून नकला निघाल्या, नकलांतून सुट्या भागांचा बाजार उभा राहिला, आणि १९८४च्या संगणक धोरणाने आयात सैल केल्यावर तो बाजार आपल्याकडेही पसरला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कॅबिनेट, मदरबोर्ड, रॅम आणायचे आणि इथे जोडून द्यायचे. असा असेंबल पीसी कोल्हापुरात पतसंस्थांत गेला, डीटीपीवाल्यांकडे गेला, आणि २००१नंतर एमएस-सीआयटी या संगणक कोर्सच्या केंद्रांत रांगेने बसला. ज्याने जोडला तोच दुरुस्त करायचा. एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, उडाला तर दुकानदार आपल्याकडचा जुना लावून द्यायचा आणि म्हणायचा, ‘मालक, हा चालवा तोवर, तुमचा बघतो.’ बिल कच्चं असायचं, वॉरंटी तोंडी असायची, पण जबाबदार माणूस समोर दिसायचा.

कोल्हापूरला ही पद्धत नवी नव्हती. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनाचा पार्ट मिळाला नाही तर लेथवर करून घेतात. बाबूराव पेंटरांनी तर सिनेमाचा कॅमेराच इथे घडवला होता. अशा गावाला ‘उघडू नका, वॉरंटी जाईल’ हे वाक्य पचायला जडच.

कंपन्यांच्या बाजूनेही बघावं लागेल. पीसीच्या किमती कोसळल्या, नफ्याची टक्केवारी घसरली आणि कात्री पहिल्यांदा सर्व्हिसला लागली. २००२च्या ऑक्टोबरात हार्ड डिस्कच्या बड्या उत्पादकांनी बहुतेक डेस्कटॉप ड्राइव्हची वॉरंटी तीन वर्षांवरून एक वर्षावर आणली. फोनवरची मदत बंगळुरूसारख्या ठिकाणी गेली. अमेरिकी गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्यावर डेलने २००३ साली ऑप्टिप्लेक्स डेस्कटॉप आणि लॅटिट्यूड लॅपटॉपच्या व्यावसायिक ग्राहकांचे फोन परत अमेरिकेत वळवले. म्हणजे ही चीड फक्त आपलीच नाही.

त्याच डेलचं पुढचं प्रकरण जास्त बोलकं आहे. मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे नळकांडीसारखे भाग, फुगून फुटायचे, डोक्यावर तपकिरी चिकट डाग दिसायचा. मे २००३ ते जुलै २००५ या काळात असा धोका असलेली किमान १ कोटी १८ लाख यंत्रं विकली गेल्याचं २०१० साली खटल्याच्या कागदपत्रांतून उघड झालं. दरम्यान टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागाने तक्रार केली तेव्हा उत्तर काय मिळालं, तर तुम्ही यंत्रांवर फार अवघड गणितं करता, म्हणून ती बिघडतात! दोष मालात असताना तो वापरणाऱ्याच्या गळ्यात घालण्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

आता त्याला छापील नाव आहे: सीआयडी (कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज), म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान. लॅपटॉप-मोबाइलच्या आत पांढरी टिकली चिकटवलेली असते, ओल लागली की ती लाल होते. काउंटरवरचा माणूस झाकण काढतो, टॉर्च मारतो, टिकली दाखवतो आणि विषय संपतो. आयफोनमधल्या टिकल्या नुसत्या दमटपणानेही लाल होतात, या आरोपावरचा अमेरिकेतला दावा अॅपलने २०१३ साली ५ कोटी ३० लाख डॉलरला मिटवला. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलेला बुरशी येते, तिथे टिकलीने काय करावं? २०१९ आणि २०२१च्या महापुरात बुडालेल्या यंत्रांचा तर प्रश्नच नव्हता. ती सरळ वॉरंटीबाहेर.

शिवाय रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली, बॅटरी डिंकाने चिकटवलेली. त्यामुळे पूर्वी पाचशे रुपयांत निघणारा दोष आता ‘पूर्ण बोर्ड बदलावा लागेल’ इथे येतो आणि कोटेशन बघून माणूस नवा घ्यायचा विचार करतो. गल्लीतला चिप-लेव्हल कारागीर तोच बोर्ड मायक्रोस्कोपखाली घेऊन एक आयसी, म्हणजे छोटी चिप, बदलतो. बोर्डाचे नकाशे त्याला कंपनी देत नाही, तो ते इकडून-तिकडून मिळवतो.

कायदा उशिरा हलला, आणि तोही गाड्यांपासून. २०१४ साली स्पर्धा आयोगाने सुटे भाग खुल्या बाजारात न देणाऱ्या १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. केंद्राचं ‘राइट टू रिपेअर’, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल २४ डिसेंबर २०२२ला सुरू झालं. गिऱ्हाइकाच्या जास्त उपयोगाचा मात्र २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. तो २०२०च्या जुलैत लागू झाला आणि तक्रारदार जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे जाण्याची मुभा त्याने दिली. कंपनीचं ऑफिस कुठे का असेना, दावा कोल्हापुरात लावता येतो. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर त्याआधी वापरून बघावा, पुष्कळदा तेवढ्यानेही पार्ट हलतो. आणि यंत्र जमा करताना जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीची पावती, वाचूनच सही करावी. ‘स्क्रॅचेस ऑल ओव्हर, बॉडी डॅमेज’ असं बरेच काउंटर डोळे झाकून लिहितात. तसं नसेल तर तिथल्या तिथे खोडायला लावावं.