कोपऱ्यातला अनुस्वार: किट लेन्स आणि महागडी लेन्स

सिंहस्थ जवळ आला की नाशकात कॅमेऱ्यांची चर्चा वाढते. रामकुंडावर, पंचवटीत, लग्नाच्या हॉलबाहेरच्या टपरीवर फोटो काढणारी पोरं एकमेकांना हाच प्रश्न विचारताना दिसतात: कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स बदलावी का? ‘किटला शार्पनेस नसतो’ हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मग हप्त्यांचं गणित सुरू होतं. नव्यानं या धंद्यात उतरलेला मुलगा ज्या शार्पनेससाठी कर्ज काढायला निघतो, तो बराचसा त्याच्या अठरा-पंचावन्नमध्ये, म्हणजे १८ ते ५५ मिलिमीटर फोकल लांबीच्या किट झूममध्ये, आधीपासूनच असतो. जे खरोखर नसतं, ते काय हे त्याला कुणी नीट समजावलेलं नसतं. म्हणून हा लेख.

आधी एक प्रयोग करून बघा, त्याला पैसे लागत नाहीत. कुठल्याही मराठी दैनिकातलं छोट्या जाहिरातींचं पान घ्या. अशी चार-सहा पानं भिंतीवर सपाट चिकटवा, म्हणजे चौकटीचे चारही कोपरे भरतील. कॅमेरा ट्रायपॉडवर, भिंतीला अगदी समांतर. लेन्स पंचावन्नवर ठेवा, स्क्रीनवर मोठं करून हातानं फोकस करा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि एफ/५.६ पासून एफ/२२ पर्यंत एकेक स्टॉप कमी करत फोटो घ्या. (एफ-आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान; एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा.) मित्राकडे महागडी झूम असेल तर तीही त्याच जागेवरून, एफ/२.८ पासून. मग संगणकावर शंभर टक्के मोठं करून अनुस्वार बघा. रफार आणि अनुस्वार ही देवनागरीतली सगळ्यात बारीक खूण, त्यामुळे लेन्सची परीक्षा घ्यायला आपली लिपी फार उपयोगी आहे.

एफ/८ ला, चौकटीच्या मध्यभागी, दोन्ही लेन्समधले अनुस्वार जवळपास सारखे दिसतील. कुठला फोटो कुणाचा हे ओळखणं अवघड जाईल.

याचं कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. प्रकाश ही लाट आहे, आणि लाट छिद्रातून जाताना कडेला पसरते. याला विवर्तन म्हणतात. त्यामुळे लेन्स कितीही निर्दोष घडवली तरी बिंदूची प्रतिमा बिंदू राहत नाही, एक छोटी तबकडी होते. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं १८३५ मध्ये तिचं गणित मांडलं. तबकडीचा व्यास फक्त दोन गोष्टींवर ठरतो: प्रकाशाची तरंगलांबी आणि एफ-आकडा. लेन्सची किंमत त्या सूत्रात कुठेही नाही. हिरव्या प्रकाशासाठी एफ/८ ला ही तबकडी साधारण १०.७ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येते, एफ/२२ ला २९.५ मायक्रॉनची. चोवीस मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (किट लेन्सबरोबर सहसा येणाऱ्या छोट्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एका पिक्सेलची रुंदी सुमारे ३.९ मायक्रॉन असते. म्हणजे एफ/८ ला तबकडी जेमतेम तीन पिक्सेलभर आणि एफ/२२ ला साडेसात. ‘सगळं फोकसमध्ये यावं’ म्हणून गंगापूर धरणाचा देखावा एफ/२२ ला टिपणारे बरेच जण भेटतात. तिथे शार्पनेस निसर्गनियमानंच गेलेला असतो, लेन्स दोन लाखांची असली तरी.

आता उलट टोक. छिद्र मोठं उघडलं की विवर्तन कमी होतं, पण भिंगांचे दोष डोकं वर काढतात. लुडविग फॉन झायडेल या जर्मन गणितज्ञानं १८५७ मध्ये अशा पाच दोषांची मांडणी केली. गोलीय विपथन (भिंगाच्या कडेचे आणि मधले किरण एका जागी न जुळणं), कोमा (कोपऱ्यातल्या बिंदूला शेपूट फुटणं), बिंदूची रेघ करणारी अबिंदुकता, प्रतिमेचं प्रतल वाकणं आणि सरळ रेषा वाकणं, असे ते पाच. रंग वेगवेगळ्या ठिकाणी पडण्याचा दोष याहून निराळा. यातलं गोलीय विपथन छिद्रावर फार अवलंबून असतं. छिद्राचा व्यास निम्मा केला, म्हणजे दोन स्टॉप खाली आलं, की या दोषानं पडणारा डाग साधारण एक अष्टमांश उरतो. स्टॉप कमी करत गेलं की किट लेन्स सुधारते ती यामुळे.

इथे एक बाब नीट बघण्यासारखी आहे, आणि मला वाटतं सगळा गैरसमज इथूनच सुरू होतो. किट लेन्स पंचावन्नला जास्तीत जास्त एफ/५.६ पर्यंत उघडते, म्हणजे छिद्राचा व्यास दहा मिलिमीटरच्याही आत. त्याच पंचावन्नला एफ/२.८ देणाऱ्या लेन्सचं छिद्र त्याच्या दुप्पट रुंद आणि क्षेत्रफळानं चौपट. भिंगरचना तशीच ठेवून छिद्र एवढं मोठं केलं असतं तर गोलीय विपथनाचा डाग आठपट झाला असता. तो आवरायला जास्त भिंगं लागतात, काही अगोल पृष्ठभागांची, काही रंग कमी फाकवणाऱ्या खास काचेची, आणि ती सगळी एका अक्षावर काटेकोर बसवावी लागतात. पैसा तिथे जातो. किट लेन्स बनवणाऱ्यानं मुळात सोपं गणित निवडलेलं असतं: छोटं छिद्र, प्लास्टिकचं नळकांडं, प्रचंड संख्येत उत्पादन. महागडी लेन्स अवघड गणित सोडवते. एफ/८ ला दोघींना एकत्र उभं करणं म्हणजे दोघींना सोपा पेपर देणं.

अवघड पेपर संध्याकाळी रामकुंडावर असतो. गोदेच्या आरतीच्या वेळी दिवा हातात घेतलेला माणूस हलत असतो. एफ/५.६ ला तुम्हाला सेकंदाचा पंधरावा भाग शटर मिळत असेल तर एफ/२.८ ला साठावा मिळतो. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय तुमच्या हाताची थरथर थांबवेल, आरती करणाऱ्याचा हात थांबवणार नाही. दोन लेन्सच्या फोटोंत जो ‘शार्पनेसचा’ फरक दिसतो त्यातला मोठा हिस्सा असा शटरचा असतो.

दुसरा फरक कोपऱ्यात. भिंतीवरच्या वर्तमानपत्राकडे परत या. किट लेन्सच्या एफ/५.६ च्या फोटोत मधला अनुस्वार गोल असेल आणि कोपऱ्यातला एका बाजूला शेपूट फुटल्यासारखा ओघळलेला. ते कोमाचं काम. काळ्या पार्श्वभूमीवरच्या दिव्यांत तो लगेच दिसतो. पाण्यात सोडलेले दिवे चौकटीच्या कडेला पंख फुटल्यासारखे येतात. अनुस्वाराच्या एका कडेला जांभळी आणि दुसऱ्या कडेला हिरवी रेघ दिसली तर तो रंगांचा दोष. कोपऱ्यातला हा रंगदोष छिद्र लहान करून जात नाही. मात्र आजकालचे कॅमेरे आणि सॉफ्टवेअर तो बऱ्यापैकी पुसून टाकतात, त्यासाठी नवी लेन्स घ्यायची गरज नाही.

तिसरा फरक उजेडाकडे तोंड करून फोटो काढताना कळतो. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. कॅननच्या अठरा-पंचावन्न आयएसमध्ये नऊ गटांत अकरा भिंगं आहेत, म्हणजे हवेला भिडणारे अठरा पृष्ठभाग. लेप नसते तर निम्म्याहून जास्त प्रकाश वाटेतच गळाला असता, आणि त्यातला काही आत इकडेतिकडे आपटून काळ्या रंगाला राखाडी करून गेला असता. झाइस या जर्मन लेन्स कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यानं १९३५ मध्ये परावर्तन रोखणारा लेप शोधला, म्हणून आजच्या झूम शक्य झाल्या. स्वस्त लेन्सलाही लेप असतो. महागड्या लेन्सवर तो सहसा अधिक थरांचा आणि जास्त प्रभावी असतो. डोळा ज्याला शार्प म्हणतो त्यात बारीक तपशील आणि कडांचा उठाव असे दोन भाग आहेत. धुवट फोटोत तपशील असूनही तो मऊ वाटतो.

पांडवलेण्यांत याचा उत्तम धडा मिळतो. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा ब्राह्मी शिलालेख आहे. अक्षरं दगडात उथळ कोरलेली आहेत. समोरून सपाट उजेड पडला तर कुठलीही लेन्स त्यांना उठाव देऊ शकत नाही. उजेड बाजूनं तिरपा आला की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि किट लेन्सलाही अक्षरं लख्ख मिळतात. नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात याच्या उलट अनुभव येतो. दुपारी पाण्यावरची हवा तापून हलायला लागली की दूरचा पक्षी कुणाच्याच लेन्समध्ये शार्प येत नाही. तिथे सकाळी लवकर पोचणं हा उपाय.

मग पैसे खर्च करायचेच तर कुठे? माझं मत स्पष्ट आहे: आधी ५० एमएम एफ/१.८. नामांकित कंपनीची २४-७० एफ/२.८ लाखाच्या पुढे जाते, ही तिच्या एका छोट्या अंशात येते. या ५० एमएमची रचना पॉल रुडॉल्फ यानं १८९६ मध्ये झाइससाठी केलेल्या प्लॅनार या लेन्सच्या कुळातली. छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळपास एकमेकांची प्रतिबिंबं असावीत अशी भिंगं, त्यामुळे अलीकडच्या बाजूचा कोमा, वाकडेपणा आणि कोपऱ्यातला रंगदोष पलीकडच्या बाजूला बराचसा रद्द होतो. झूम नाही, म्हणून एकाच फोकल लांबीसाठी सगळं जुळवता येतं. एफ/२.८ पर्यंत आणली की मध्यभागी ती कित्येक महागड्या झूमच्या तोडीची असते, आणि आरतीचा प्रकाशही तिला पुरतो.

लेन्स कुठलीही घ्या, नवी किंवा सेकंडहँड, ती वर्तमानपत्राची भिंत पुन्हा एकदा वापरा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर ती त्या रचनेची मर्यादा. तीन कोपरे ठीक आणि एकच ओघळलेला असेल तर आधी कॅमेरा भिंतीला समांतर आहे ना ते तपासा, मग कॅमेरा उलटा करून तोच फोटो घ्या. वर्तमानपत्राचा आता दुसराच कोपरा मऊ आला आणि फाइलमध्ये जागा मात्र तीच राहिली, तर आतलं एखादं भिंग अक्षावरून सरकलेलं आहे. असा नमुना स्वस्तात निघतो तसा महागातही निघतो. बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत दुकानदाराला तो फोटो दाखवा.