पक्ष्यांमधले डासांमुळे पसरणारे व्हायरस

क्युलेक्स डासांमार्फत रानपक्ष्यांत फिरणारे हे व्हायरस. गरमी वाढली की ते वाढतात का, आणि नाशिकला त्याचं काय, तेही बघू. त्यातले मेन दोन, वेस्ट नाईल आणि उसुटू, दोघंही जपानी मेंदूज्वराच्या कुळातले. एवढ्या पिसांतून डास चावणार कुठे असं वाटतं, पण डोळ्यांभोवतीची कातडी आणि उघडे पाय त्याला पुरतात. पक्ष्याच्या रक्तात व्हायरस भरपूर वाढतो, पुढचा डास तो उचलतो की चक्र चालू. माणूस नि घोडा मध्येच सापडतात, आजारी पडतात, पण त्यांच्या रक्तातून डासाला पुढे न्यायला पुरेसा व्हायरस मिळत नाही.

वेस्ट नाईल १९३७ ला युगांडात एका बाईच्या रक्तात सापडला. आफ्रिका-आशियातले पक्षी त्याच्यासोबत पिढ्यान् पिढ्या राहिलेत म्हणून इकडे सहसा पटापट मरत नाहीत, पण १९९९ ला तो न्यूयॉर्कला पोचला आणि कावळ्यांचा सडा पडला. उसुटू १९५९ चा, दक्षिण आफ्रिकेतला, कित्येक वर्षं कुणी फारसं विचारलं नाही, मग २००१ ला व्हिएन्नात काळे कस्तुर मरायला लागले आणि २०२० ला तो लंडनला.

आता गरमीचा संबंध. डासाने व्हायरस प्यायला म्हणून लगेच चावून देता येत नाही, तो आधी त्याच्या पोटात वाढून लाळेत उतरावा लागतो. ३० अंशांना हे आठवडा-दीड आठवड्यात होतं, १८ ला महिन्याच्या आसपास, आणि १४-१५ च्या खाली जवळजवळ थांबतंच, तोवर डासच मरून जातो. उलट फार तापलं तरी डास टिकत नाही, त्यामुळे 'गरमी वाढली की रोग वाढला' इतकं सरळ गणित नाही.

नाशिकला हे लागू कसं होतं? नांदूरमध्यमेश्वरला, म्हणजे महाराष्ट्राच्या पहिल्या रामसर साइटवर (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, २०२०), पाहुणे पक्षी नेमके थंडीत येतात, आणि तिथल्या निफाड तालुक्याचा पारा तेव्हा कधीकधी ५ च्याही खाली जातो. ही थंडी फुकटची फवारणीच म्हणा ना! रात्री उबदार झाल्या तर ती सवलत कमी होणार. बऱ्याच क्युलेक्सना घाण पाणी आवडतं, गोदावरीतल्या पाणवेलीखाली किंवा गटारात बघा, अळ्या डोकं खाली करून लटकलेल्या असतात, सावली पडली की वळवळत तळाशी.

आजारी पक्षी पिसं फुगवून बसतो, मान वाकडी, हाकललं तरी उडत नाही. पण बर्ड फ्लू किंवा कीटकनाशकाच्या विषबाधेतही असंच दिसतं (बर्ड फ्लू डासांनी पसरत नाही, लोक गल्लत करतात), नक्की काय ते लॅबच सांगते. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नये, वनखात्याला फोन करावा.