पीसीआर पॉझिटिव्ह म्हणजे पाण्यात जिवंत बॅक्टेरिया? नाही हो!

"पाण्याच्या सॅम्पलची पीसीआर पॉझिटिव्ह आली म्हणजे त्यात जिवंत जंतू आहेतच" हे इतकी वर्षं फिरतंय की लोकांना तेच खरं वाटतं, पण साधी पीसीआर चाचणी कॉपी करकरून फक्त डीएनए शोधते, तो जिवंत पेशीतला की मेलेल्या हे तिला कळतच नाही. क्लोरीनने बॅक्टेरिया मेले तरी त्यांचा डीएनए पाण्यात काही काळ टिकू शकतो, म्हणून पाणी सुरक्षित असूनही रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो.

यावर उपाय आहे आणि तो मला फार आवडतो. पीएमए नावाचा डाय (रंग) सॅम्पलमध्ये आधी टाकतात, मेलेल्या पेशीचं आवरण फाटलेलं असेल तर तो आत शिरतो, मग प्रखर उजेड दिला की डीएनएला कायमचा चिकटतो आणि त्या डीएनएची कॉपीच होत नाही, सिग्नल उरतो तो शाबूत पेशींचा. २००६ मध्ये मोंटाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी हे दाखवलं. फक्त एक लक्षात ठेवा, यूव्हीने (अतिनील किरणांनी) मेलेल्या बॅक्टेरियाचं आवरण बरेचदा धडच राहतं, तिथे पीएमए फसतो, त्यामुळे पाण्यावर कोणती प्रक्रिया झालीये हे लॅबला आधी सांगाच.

आणि "कल्चर प्लेटवर (जंतू वाढवून बघायच्या थाळीवर) काही उगवलं नाही म्हणजे पाणी साफ" हेही तितकंच चूक. कॉलराचा जंतू जिवंत असूनही कधीकधी प्लेटवर उगवतच नाही, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या टीमने हे १९८२ मध्येच दाखवलंय.