गेट, पूल आणि घंटा: अडथळ्यांच्या बॅचला येण्याआधी हे वाचा

वर्किंग इक्विटेशनच्या बॅचला नाव दिलंत, मस्त. मागच्या दोन बॅचेसचा पहिला अर्धा दिवस नुसता "थांब" आणि "सरक" यातच गेला, म्हणून या वेळी हा कागद आधीच हातात देतोय, वाचा आणि दोन आठवडे घरच्या घोड्यावर रोज वीसेक मिनिटं थोडं थोडं करून या.

हा प्रकार मूळचा पोर्तुगाल, स्पेन, इटली, फ्रान्सकडचा. तिथे गुरं राखणारे लोक घोड्यावर बसून जी कामं करतात, फाटक उघडणं, पूल ओलांडणं, लांब काठीने गुरं वळवणं, त्याचीच पुढे स्पर्धा झाली, पहिली युरोपियन चॅम्पियनशिप 1996 ला इटलीत भरली. त्यात ड्रेसाज असतं, म्हणजे मोकळ्या मैदानात घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घ्यायच्या, मग अडथळे नीटनेटके पार करायचे, मग तेच घड्याळ लावून, आणि शेवटी टीमने कळपातून गुरं वेगळी काढायची. आपल्याकडे गुरं नाहीत (शेजारच्यांच्या म्हशी आहेत, पण त्यांच्या वाटेला जायचं नाही), त्यामुळे आपण फक्त दुसरा भाग करतो. त्यात वेगाला मार्क नसतात, घोडा किती शांत आणि सरळ गेला ते बघतात.

पोर्तुगालचा लुसितानो जातीचा घोडाच हवा असं काही नाही. मारवाडी, काठेवाडी, रेसवरून रिटायर झालेला थरोब्रेड, सगळे चालतात, फक्त थरोब्रेडवाल्यांनी एक आठवडा जास्त धरा, कारण त्याला आयुष्यभर पळायलाच शिकवलेलं असतं, उभं राहणं हे त्याच्यासाठी नवीन काम आहे.

घरी काय करायचं तर, वॉकमध्ये, म्हणजे साध्या चालीत, चालता चालता थांबा, लगाम ढिला ठेवून दहा आकडे मोजा, तोवर घोडा हलला नाही पाहिजे. मग दोन-तीन पावलं मागे, सरळ. मग एका पायाने दाब देऊन मागचे पाय बाजूला सरकवायचे, एक पाऊल सरकला की लगेच पाय सैल करायचा, तीच त्याची शाबासकी. आणि हे सगळं लगाम एका हातात धरूनही करून बघा, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घ्या, कारण गेटवर एक हात अडकलेलाच असतो.

आता गेट. सगळे इथेच अडकतात म्हणून नीट सांगतो. घोडा गेटला समांतर उभा करायचा, कडी तुमच्या गुडघ्याजवळ आली पाहिजे. कडी काढायची, गेट ढकलत आत जायचं, पलीकडे वळून मागे सरकत बंद करायचं, आणि कडी लागेपर्यंत हात गेटवरून सुटायचा नाही. होतं काय की घोडा दीड हात लांब उभा असतो आणि माणूस खोगिरातून वाकून कडी पकडायला जातो. वाकलं की मांड सुटते, गेटकडची टाच घोड्याच्या कुशीत घुसते, घोडा बिचारा "सरक म्हणतायत" असं समजून आणखी लांब जातो, आणि शिव्या खातो तो. हात पुरला नाही तर सोडा, पुन्हा गोल फिरून या, आम्ही हसत नाही.

आमच्या पहिल्या गेटला लोखंडी कडी होती. एकदा माझ्याच लगामाचं लोंबणारं टोक तिच्यात अडकलं, घोडा मागे सरला, गेट बिजागरीसकट निघून त्याच्या मागे आलं, आणि ते गेट घेऊन आम्ही अर्धं मैदान पळालो. तेव्हापासून कडीच्या जागी दोरीचा फास आहे. लगामाचं टोक आवरून धरा.

पूल म्हणजे लाकडी फळ्यांचा, 4 मीटर लांब, दीड मीटर रुंद. घोडा पुलाला नाही, त्याच्या आवाजाला बुजतो. आमच्याकडे एक काठेवाडी घोडी होती, पुढचा खूर फळीवर ठेवायची, धप्प झालं की कान मागे टाकून उलटी फिरायची. शेवटी आमच्या मोतद्दार मामांनी एक फळी तिच्या चंदीच्या बादलीसमोर जमिनीवरच टाकली, रोज दोन वेळा तिच्यावर पाय दिल्याशिवाय हरभरा मिळेना. पाचव्या दिवशी मामांनी फळीखाली एक एक वीट सरकवली, घोडीने फुरफुर केली आणि खायला लागली. घरी एखादी जाड फळी असेल तर हेच करा, खिळे तेवढे तपासा.

बाकीचे सोपे आहेत. घंटा म्हणजे दोन बांबूंच्या गल्लीत आत जायचं, टोकाला घंटा वाजवायची, उलट पावली बाहेर यायचं. स्लॅलम म्हणजे ओळीतल्या खांबांमधून नागमोडी जायचं, खांब 6 मीटरवर असतात, आधी चालत, मग ट्रॉट (दुडकी), कॅन्टरचा (त्याहून वेगाच्या चालीचा) हट्ट इथे येऊन धरू नका. पिंपावरचा तांब्या उचलून परत ठेवताना पाणी सांडलं तर सांडू दे, घोडा हलला तर मात्र परत. लांब बांबू उचलायचा असतो त्यासाठी घरी आधी काठी घोड्याच्या मानेवरून, पुठ्ठ्यावरून हळू फिरवून सवय करा, खाली उभं राहूनच.

येताना हेल्मेट आणि टाच असलेले बूट सक्तीचे, स्पोर्ट्स शूज रिकिबीत अडकतात, त्यावर बसू देणार नाही. नवीन नाल ठोकून लगेच दुसऱ्या दिवशी आणू नका, चार दिवस जाऊ द्या. सकाळी साडेसहाला सुरू, चंदी त्याआधी किमान दोन तास झालेली हवी. एका बॅचला 4 घोडे, पाचवा घेत नाही. रात्री पाऊस झाला तर फळ्या निसरड्या होतात, त्या दिवशी पूल बंद, बाकी सगळं चालू.